पुसलेली झील

अन्याय झाला तो माझ्या चुलतीवर. गेल्या चैत्रात, गावच्या यात्रेच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, देवळापुढच्या मांडवात, सगळ्या गावादेखत. साउंडवाल्याने पेनड्राईव्ह लावला, आमच्या भजनी मंडळाचं पद कर्ण्यांतून शिवारभर गेलं, आणि त्यात तिचा आवाज नव्हता. कमी नव्हता, अस्पष्ट नव्हता. नव्हताच. तो साफ करण्यात आला होता. 'साफ' हा शब्द मी माझ्या पदरचा घातलेला नाही. ज्याने केलं त्याचाच तो शब्द आहे.

हे जरा शांतपणे लिही, असं मला दोघातिघांनी सांगितलं. त्यांना ते जमत असेल तर त्यांनी लिहावं.

आधी झील म्हणजे काय ते सांगते. पुढचा गाणारा ओळ टाकतो. मागून जो आवाज त्या ओळीचं शेपूट उचलतो, तिला उत्तर देतो, ती झील. आमच्या मंडळाचं स्वतःचं एक पद आहे, माझ्या वडिलांनी रचलेलं. ऊस तोडायला गेलेली माणसं हंगाम संपवून घरी येतात त्याचं. कारखान्याचा हंगाम संपला की आमच्याकडे 'पट्टा पडला' म्हणतात. तर पुढचा म्हणतो, "उघड दार बाई..." आणि झील म्हणते, "पट्टा पडला!" पुढचा म्हणतो, "कोण उभं दारी..." झील म्हणते, "धुळीनं माखला, गडी आला!" आता यातली झील काढून बघा. उघड दार बाई. कशाला उघडू? कोण उभं दारी. कोणी नाही. राहिलं काय पदात?

आमचं गाव पाथर्डी तालुक्यात. दिवाळी झाली की गावातली निम्मी घरं कुलपं लावतात आणि ट्रकात बसतात. माझी चुलती आणि चुलते कोपरगावच्या बाजूला तोडीला जातात. त्यांना मी काकू आणि नाना म्हणते. नाना ढोलकी वाजवतात. माझे वडील, अण्णा, गावातच राहतात, पिठाची गिरणी चालवतात आणि पेटी वाजवतात. म्हणजे मंडळाची पेटी गावात, ढोलकी उसाच्या फडात आणि झील ढोलकीबरोबर. सहा महिने मंडळ असं दोन तुकड्यांत पडलेलं. चैत्रात माणसं परत येणार, हातापायाची चिरलेली कातडी अजून भरलेली नाही, तोवर यात्रा समोर. तालीम करायची कधी?

ही तालीम टेपरेकॉर्डरने करून दिली.

अण्णांकडे दोन टेप होते. एक त्यांच्या लग्नातला, दुसरा कोणीतरी भंगारात काढलेला. तिसरा नानांकडे, सेलवर चालणारा. अण्णांनी पद्धत बसवली ती अशी. कॅसेटच्या पहिल्या बाजूला अण्णा पेटीवर सूर धरायचे, मग पदाची पुढची बाजू गायचे, आणि झीलेच्या जागी नुसती पेटी चालू ठेवायचे. ती कॅसेट कोपरगावकडे जाणाऱ्या कोणाच्यातरी पिशवीत जायची. तिकडे काकू आणि नाना ती ऐकायचे, कॅसेट उलटवायचे आणि दुसऱ्या बाजूला ढोलकी आणि झील भरायचे. एक बाजू गावाची, एक बाजू फडाची. कॅसेट परत आली की अण्णा एका टेपवर ती फडाची बाजू लावायचे, तिच्याबरोबर स्वतः पेटी वाजवत गायचे, आणि दुसरा टेप हे दोन्ही मिळून भरून घ्यायचा. शेवटी हातात जी कॅसेट यायची तिच्यात आख्खं मंडळ एकत्र गात असायचं, आणि ते एकत्र बसलेलं कधीच नसायचं.

"मोबाईल हाय की," असं मला प्रत्येकजण म्हणतो. जणू मोबाईल आम्ही पाहिलेलाच नाही. एका हंगामात करून बघितलं ते. काकूने मोबाईलवर झील भरून पाठवली. अण्णांनी गिरणीत बसून ऐकली आणि मान वर करून मला विचारलं, "ही ढोलकी हाय का पत्र्याचा डबा?" ढोलकीचा घुमारा मोबाईलने खाऊन टाकला होता. काकूचा आवाज मधेच वर यायचा, मधेच कोणीतरी तिच्या तोंडावर हात ठेवल्यासारखा दबायचा. आणि एका ओळीच्या मध्यावर मुकादमाचा फोन आला होता, तिथे पद संपलं होतं. पण खरं कारण वेगळंच निघालं, ते काकूने सांगितलं. "त्याच्यात पुसायचं बटन हाय ना बाय, त्यानं घोळ केला. गायले की वाटतं, बरं न्हाई जमलं. पुसते. पुन्ना गाते. पुन्ना पुसते. म्या गातच न्हाई, नुसती पुसत बसते. टेपचं बरं. गायलं की गायलं."

घरात बसून गाणाऱ्या-वाजवणाऱ्या माणसाला याहून मोठी शिकवण कोणी देईल असं मला वाटत नाही. टेपवर पुसता येतं, येत नाही असं नाही. पण पुसायचं म्हणजे मागे गुंडाळा, जागा शोधा, तिच्यावर पुन्हा गा. इतकी खटपट करण्यापेक्षा माणूस पहिल्यांदाच मन लावून गातो. आणि थोडं चुकलं तर चुकीसकट पुढे जातो. मंडळ असंच चालतं.

गेल्या माघात कॅसेट पोचवायला मीच गेले होते. उसतोडीच्या बायांच्या प्रश्नांवरची पत्रकं वाटायची होती त्या भागात, म्हटलं तेही काम होईल. दुपार कलली होती. गाडी भरून झाली होती आणि माणसं कोप्यांवर आली होती. कोपी म्हणजे बांबू आणि उसाच्या पाचटाची खोप, वाकून आत जायचं. नाना चुलीच्या धगीवर ढोलकीचं पान शेकत होते. काकू भाकरी थापत होती.

"पत्रकं वाटायला आली का गायनाच्या तालमीला?" नानांनी विचारलं.

"दोन्हीला."

"मग आधी तालीम. पत्रकात काय लिव्हलंय ते आमाला पाठ हाय. आमच्यावरच लिव्हलंय ना?"

काकूने हसत परातीतला हात झटकला. तिने अण्णांची बाजू ऐकली, डोळे मिटून, पिठाचे हात गुडघ्यांवर उपडे ठेवून. मग नानांनी कॅसेट उलटवली आणि दोन बटणं एकदम दाबली. काकू टेपसमोर वाकली आणि गायली. शेजारच्या कोपीत कोणी भांडी घासत होतं, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा वाजत होत्या, वाऱ्याने पाचट सळसळत होतं. हे सगळं टेपमध्ये चाललं होतं. कोणालाही त्याचं काही वाटलं नाही. नाना वाजवता वाजवता शेजारच्या कोपीकडे बघून भुवया उडवत होते, की भांडी तालात घासा. झील संपली, बटण बंद केलं, काकूने तव्यावरची भाकरी बघितली. करपली होती. "ही तुझ्या बापाला दे नेऊन," ती म्हणाली, "म्हनावं, पदापायी गेली."

त्या टेपचं एक गमतीचं शास्त्र होतं आणि ते आमच्या लोकांनी चुकून शोधलं. फडात सेल नेहमी उतरलेले. सेल उतरला की टेप मंद फिरतो, सूर खाली येतो. म्हणजे अण्णांची पेटी काकूला थोडी खालच्या पट्टीत ऐकू यायची आणि ती त्या खालच्या पट्टीतच गायची. पण भरणारा टेपही तोच, तितकाच मंद. कॅसेट गावात विजेवर लावली की टेप पूर्ण वेगाने फिरायचा आणि काकूचा सूर आपोआप वर चढून अण्णांच्या पेटीला बरोबर येऊन मिळायचा. आवाज जरा कोवळा व्हायचा इतकंच. अण्णा म्हणायचे, "तुझी चुलती दर हंगामाला धाकटी होतीय."

हे सगळं आम्हाला कळलं कसं? तर नानांनी एकदा उपकार केले म्हणून. ऐकून झाल्यावर, भरायच्या आधी, त्यांनी खास बाजारातून आणलेले नवे सेल टाकले. चांगलं भरावं म्हणून. ऐकलं मेलेल्या सेलवर आणि गायलं नव्या सेलवर! ती कॅसेट गावात लावली तर काकूची झील पेटीच्या खाली कुठेतरी खड्ड्यात. अण्णांनी सगळ्या पट्ट्या दाबून पाहिल्या, एकीतही बसेना. ते पेटी बंद करून म्हणाले, "ह्यानं नवीन सेल घातले. शंभर टक्के." तेव्हापासून नियम झाला: ज्या सेलवर ऐकलं त्याच सेलवर गायचं, मधे झाकण उघडायचं नाही. फाटक्या यंत्राची चूक तेच यंत्र भरून काढत होतं. भारी यंत्रं घेऊन बसलेल्यांनी मला अशी एक गोष्ट दाखवावी.

जुनं ते सोनं म्हणत गळा काढणाऱ्यांतली मी नाही. टेप कटकट आहे हे मला पक्कं ठाऊक आहे. फीत अडकते, चघळली जाते, बोट घालून ओढावी लागते. एका कॅसेटवरून दुसरीवर घेतलं की खरखर वाढते. आतलं रबर सैल होतं आणि ते बसवून देणारे आता नगरमध्ये एक चाचाच उरलेत माझ्या माहितीत. मी टेप घेऊन गेले की ते म्हणतात, "आलीस? अजून मेला नाही हा?" मी म्हणते, "तुम्ही मरू देत नाही ना." चाचा स्वतः घरी बेंजो वाजवून कॅसेटवर भरतात, आणि दुकानात गिऱ्हाईक नसलं की ऐकत बसतात. मी विचारलं, मोबाईलवर का नाही? म्हणाले, "बेटा, मोबाईल ऐकतो कमी आणि शहाणपणा जास्त करतो."

त्या वेळी मी हसून सोडून दिलं होतं.

आता मांडवाकडे येते. आमच्या मंडळात बाया वर, स्टेजवर, बसत नाहीत. गाणं वर, बाया खाली. पण झील तर काकूची. टेप आल्यापासून ते सगळ्या मंडळाच्या कानांना सवयीचं झालं होतं, कारण टेपवर ती दिसायची नाही, फक्त ऐकू यायची. गेल्या फाल्गुनात गिरणीत मंडळाची बैठक बसली तेव्हा अण्णांनी विषय काढला, की यंदा ती वर बसणार. मंडळाचे म्होरके आमचे तात्या, गावात सगळे त्यांना तात्याच म्हणतात, ते म्हणाले, "बायांनी खाली बसून टाळ्या वाजवाव्या. कोन नगं म्हनतंय?"

"मग वर झील कोन देनार? तुमी?" अण्णांनी विचारलं.

माणसं हसली. तात्यांचा आवाज सगळ्या गावाला ठाऊक होता. तात्याही हसले. मग जरा विचार करून त्यांनी निवाडा दिला: यात्रेच्या आदल्या दिवशी मांडवात पद लावू. सगळा गाव ऐकेल. त्यात ज्याचा आवाज, त्याची वर जागा. बाई असो का बुवा. मला तो निवाडा आवडला होता. लपवण्याचं कारण नाही. काकूला मी फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "वर म्हंजे कुठं? पेटीजवळ का?"

साउंडवाल्याकडे कॅसेट चालत नव्हती, त्याला पेनड्राईव्ह पाहिजे होता. म्हणून तात्या स्वतः कॅसेट घेऊन तालुक्याला एका स्टुडिओवाल्याकडे गेले. लग्नाची शूटिंग करणारा, डीजेची गाणी जोडून देणारा. तात्यांनी हे मुद्दाम घडवलं असं मी म्हणणार नाही. माझ्याकडे पुरावा नाही आणि पुराव्याशिवाय मी लिहीत नाही. तात्या त्याला एवढंच म्हणाले होते, "जरा चांगलं करून दे."

आणि मग ती दुपार. काकू नुकतीच परतली होती. ट्रंकेतलं घडीचं पातळ नेसली होती, त्याच्या घड्या मोडल्या नव्हत्या. बायांत पुढे बसली. कर्ण्यातून अण्णांचा आवाज आला, स्वच्छ, दगडावर पाणी ओतल्यासारखा. "उघड दार बाई..." आणि झीलेच्या जागी ढिंगचिक ढिंगचिक. स्टुडिओवाल्याने ती जागा मोकळी पडली म्हणून तिथे यंत्राचा ठेका टाकला होता. नानांची ढोलकी नाही. काकू नाही. "कोण उभं दारी..." ढिंगचिक ढिंगचिक.

"आवाज क्लिअर आलाय," मागून कोणीतरी म्हणालं.

तात्या बायांकडे वळले. "कुठाय गं तुझी झील?"

"म्या गायले हुते, तात्या."

"असशील. पन गावाला ऐकू तर यायला पायजे का न्हाई?"

काकू उठून घरी निघाली. मी तिच्या मागे गेले. वाटेत ती काय म्हणाली ते ऐका, कारण हे सगळं लिहिण्याचं कारण ते आहे. ती म्हणाली, "माझंच चुकलं असंल. टेपच्या अजून जवळ बसायला पायजे हुतं म्या."

तिने सहा महिने ऊस तोडला, पाचटात बसून गायली, आणि वर स्वतःचीच चूक शोधायला निघाली. मी तिथूनच वळले आणि जीप धरून पाथर्डीला गेले.

स्टुडिओवाला माणूस वाईट नव्हता. त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी विचारलं, बाईचा आवाज कुठे गेला?

"कोणती बाई, ताई?"

"झील देणारी."

"बाई नव्हती. एकच मेन आवाज होता आणि पेटी. बाकी सगळा नॉईज. लई खरखर होती, ती साफ करून दिली." त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली, त्यावरचे हिरवे पट्टे दाखवले. "हे बघा, आधी असं होतं. आता कसं क्लीन झालंय."

"जे काढलं ते कुठे आहे?"

"काढलं म्हणजे काढलं. ऐकायचं का? ऐकता येतं." त्याने हेडफोन माझ्या कानाला लावला आणि काहीतरी दाबलं.

त्यात काकू गात होती.

आख्खी. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. "पट्टा पडला!" मागे नानांची ढोलकी, घुमाऱ्यासकट. बैलांच्या घुंगरमाळा, पाचटाची सळसळ, भांडी. अण्णा तेवढे कुठेच नव्हते. ते साफ झालेल्या फाईलमध्ये होते. आमचं मंडळ पुन्हा दोन तुकड्यांत पाडलं होतं, एक तुकडा ठेवला होता आणि दुसऱ्याला नाव दिलं होतं नॉईज.

"हे माणूस आहे," मी म्हटलं.

त्याने हेडफोन स्वतःच्या कानाला लावला, ऐकलं. "हां... आहे खरं कोणीतरी. पण ताई, ते मागे आहे ना. सॉफ्टवेअर पुढचा आवाज धरतं, मागचं काढून टाकतं. मी नाही काढलं. त्यानंच काढलं."

हेच ऐकायचं होतं मला. मी नाही काढलं, त्यानंच काढलं. सगळ्या कचेऱ्यांत हेच उत्तर मिळतं. मागे आहे म्हणून काढलं. मागे कोणी बसवलं, का बसवलं, हे विचारायचं नाही.

टेपबद्दल माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी कोणासमोरही मांडायला तयार आहे. टेपला महत्त्वाचं काय हे कळत नाही. त्याच्यापुढे जे वाजेल ते तो घेतो. पुढचा गाणारा घेतो, झीलही घेतो, बैल घेतो, करपणारी भाकरी घेतो. तो कोणाला पुढे ओढत नाही आणि कोणाला मागे ढकलत नाही. मागे बसलेला माणूस टेपवर मागे ऐकू येतो, पण येतो. नव्या यंत्राला आवाजातलं कळतं असं सांगतात. कळतं ना, म्हणूनच भीती आहे. ज्याला निवडता येतं तो निवडतो, आणि निवडताना कोण गळतं ते आमच्या गावाला विचारायला नको. ज्यांची घरं मोठी, खोल्या बंद, माईक भारी, त्यांना नव्या यंत्रांचा काही त्रास नाही. ज्यांच्या गाण्याच्या मागे कायम काहीतरी वाजतच असतं, त्यांना टेपच पाहिजे.

मी कॅसेट परत मागितली. त्याने बिनबोभाट दिली. अण्णांनी तिच्या माथ्यावरचा प्लास्टिकचा दात आधीच मोडून ठेवला होता. तो मोडला की भरायचं बटण दबतच नाही, कॅसेटवर दुसरं काही चढत नाही. म्हणून तेवढी तरी जशीच्या तशी हाती आली.

मी गावात पोचले तेव्हा उन्हं उतरली होती आणि मांडवात माणसं होती. घरून अण्णांचा टेप उचलला, वर नेऊन खुर्चीवर ठेवला, आणि साउंडवाल्याचा माईक त्याच्या जाळीसमोर धरला.

"हे काय आता?" तात्या आले. "पद ऐकून झालं की गावाचं."

"निम्मं झालं. निम्मं राहिलंय."

"अगं, कर्ण्यावर खरखर किती येईल! लोकं हसतील."

अण्णा पेटीमागे बसले होते. ते सहसा भांडत नाहीत. ते म्हणाले, "हसू द्या, तात्या. लाव गं तू."

खरखर आली, खूप आली. कर्ण्यांतून पाचट पेटल्यासारखा आवाज आला आणि दोन पोरं खरंच हसली. मग टेपमधले अण्णा, "उघड दार बाई..." आणि लांबून, विहिरीच्या तळातून यावा तसा, उतरलेल्या सेलांनी कोवळा केलेला तो आवाज. "पट्टा पडला!" बायांत बसलेल्या, काकूच्याच टोळीतल्या एकीने ओरडून सांगितलं, "आगं, त्या भांड्यांचा आवाज माझा हाय! म्याच घासत हुते!" सगळा मांडव हसला, पण ते हसणं वेगळं होतं. नाना उठले, ढोलकी घेतली आणि टेपमधल्या स्वतःच्याच ढोलकीला साथ करू लागले.

काकू घरी होती. कर्ण्यांमुळे तिला घरातच ऐकू आलं. पद संपायच्या आत ती मांडवाच्या तोंडाशी येऊन उभी राहिली.

तात्यांनी पद पूर्ण ऐकलं. ते शब्दाचे पक्के आहेत, हे मला लिहायलाच पाहिजे. म्हणाले, "निवाडा म्याच दिला हुता. आवाज हाय. बस वर." मग हाताने दाखवलं, "तिकडं कडंला बस."

काकूने पदर खांद्यावर नीट घेतला. "कडंला न्हाई, तात्या. झील पेटीजवळ असती. कडंला बसले तर अन्नांचा सूर मला ऐकू यायचा न्हाई."

"बरीच बोलायला लागली की."

"गायला लागले, तवापासनं."

ती पेटीजवळ बसली. दुसऱ्या दिवशी यात्रेतही तिथेच बसली आणि गायली. ज्यांना बघवलं नाही ते चहा प्यायला गेले आणि झील ऐकू आल्यावर परत आले.

गोष्ट इथे संपली असती तर मी लिहिली नसती. पण त्या दुपारीच, मांडवात पद लावल्या लावल्या, साफ केलेली फाईल तात्यांनी गावाच्या ग्रुपवर टाकली होती. तिथून ती सोयऱ्यांच्या ग्रुपवर गेली, मग तालुक्याच्या. सुप्याच्या कंपन्यांत कामाला असलेल्या आमच्या गावच्या पोरांनी ती रिंगटोन केली. मी एकेकाला सांगत सुटले, ही नको, कॅसेटवरून भरलेली घ्या. म्हणाले, "आमची क्लिअर हाय. तुझ्यात खरखर हाय."

यंदा दिवाळीनंतर काकू पुन्हा कोपरगावकडे गेली. पहिल्याच आठवड्यात मुकादमाने ट्रॅक्टरवर ती फाईल लावली, टोळीला म्हणाला, "तुमच्या गावचं पद, बघा." सगळ्या टोळीसमोर. ढिंगचिक ढिंगचिक. काकूने मला फोनवर सांगितलं. रडली नाही. म्हणाली, "त्या गुरुपावरच्या लोकांना सांग, आमी गानाऱ्या बाया अजून जित्या हाओत म्हनावं." मी म्हटलं, कसं सांगू? म्हणाली, "पत्रकं लिव्हतीस ना? लिव्ह."

लिहिलं.

तर आता तुम्ही. हे वाचणारे तुम्ही नगर जिल्ह्यातले असाल, किंवा तुमचा कोणी सोयरा इकडचा असेल, तर तुमच्या मोबाईलमध्ये एक भजन आलेलं असू शकतं. पेटी, एका पुरुषाचा आवाज, "उघड दार बाई", आणि उत्तराच्या जागी यंत्राचा ठेका. शोधा. सापडलं तर पुढे पाठवू नका, आणि ज्याने तुम्हाला पाठवलं त्याला लिहा, की यात एक बाई गायली होती, ती कुठे आहे? पुसण्याच्या विरोधात एवढं लिहून मीच तुम्हाला पुसायला सांगते आहे, ते मला कळतं. तरीही सांगते. ती फाईल पुसा. आत्ता.